बाळ असलेल्या घरातली बुरशी: सांगलीच्या दोन पुरांनंतर शिकलेलं काम, पायरीपायरीने

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गावभागातल्या घरात शिरलं तेव्हा माझी लेक दहा महिन्यांची होती. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे होतो. परत आलो तर तळमजल्याच्या भिंतींवर छातीच्या उंचीला गाळाची रेघ उमटलेली. गाळ उपसला, फरशा घासल्या, आणि दिवाळीत बाळाचं घर छान दिसावं म्हणून ऑक्टोबरात सगळीकडे रंग मारून घेतला.

डिसेंबरात लोखंडी कपाट हलवलं. मागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळपट हिरवी बुरशी पसरली होती, रंगाच्या पोपड्यांच्या आतही आणि बाहेरही. कपाटाला लागूनच पाळणा होता. लेकीला तीन आठवड्यांपासून रात्रीचा खोकला होता आणि थंडीचा असेल म्हणून आम्ही तो सोडून देत होतो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आता लेक पावणेतीन वर्षांची आणि धाकटा चार महिन्यांचा. या खेपेला आम्ही सगळं वेगळ्या क्रमाने केलं आणि त्या भिंतींवर बुरशी परत आली नाही. तो क्रम इथे लिहिते आहे. घरात पूर येत नसला तरी उपयोग होईल. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्याचे दोन महिने ऊन दिसत नाही, तिथल्या घरांत ओल असतेच. साताऱ्यातल्या पेठांमधल्या जुन्या दगडी घरांतही असते.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. बुरशी ही भिंतीत किंवा हवेत पाणी अडकल्याची खूण आहे. पाणी तिथेच राहू दिलं तर घासलेली बुरशी महिन्याभरात परत उगवते. आणि ती घासताना सर्वांत जास्त त्रास बाळाला होतो, म्हणून सुरुवात भिंतीपासून करायची नाही.

१. आधी बाळाला त्या खोलीतून हलवा

बुरशी दिसली की आपला हात पहिल्यांदा कापडाकडे जातो. माझाही गेला होता, लेक मागे पाळण्यात असताना. असं करू नका. बुरशीला हात लागला की तिचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक पूड, हवेत उडतात.

मोठं माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतं. तान्हं बाळ ३० ते ६० वेळा घेतं. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, ते जमिनीलगत रांगतं, भिंतीला हात लावून तोच हात तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीतली घरघर आणि दमा यांचा त्रास जास्त होतो, असं त्यांत म्हटलं आहे.

शेजारच्या खोलीत हलवून भागत नाही. वरचा मजला कोरडा असेल तर वर, नाहीतर आजोळी किंवा ओळखीच्यांकडे. साफसफाईचा दिवस आणि त्यानंतरचा एक दिवस तरी बाळाने घरात नसावं. गिलावा फोडायचा असेल तर ते काम पुरतं संपेपर्यंत. घरात गरोदर बाई, दम्याचा माणूस किंवा कर्करोगाचे उपचार घेणारं कोणी असेल तर त्यांनाही बाहेर काढा, आणि साफसफाई त्यांच्याकडून मुळीच करवून घेऊ नका.

२. खोकला असेल तर डॉक्टरांना भिंतीबद्दल सांगा

आम्ही दोनदा दवाखान्यात गेलो आणि दोन्ही वेळा भिंतीचा विषयच काढला नाही. आम्हालाच तो संबंध ठाऊक नव्हता. डॉक्टरांनी घर पाहिलेलं नसतं, त्यामुळे हे आपणच सांगावं लागतं. सोबत न्या:

- लसीकरणाचं कार्ड
- खोकला कधी सुरू झाला, रात्री वाढतो का, आजोळी गेल्यावर कमी होतो का, याची तारखांसकट नोंद
- भिंतीचा मोबाईलवर काढलेला फोटो
- आजवर दिलेल्या औषधांच्या बाटल्या किंवा चिठ्ठ्या

यांतला आजोळचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. घराबाहेर चार दिवस राहिल्यावर खोकला उतरतो आणि परत आल्यावर चढतो, असं असेल तर घरातल्या हवेत काहीतरी आहे.

बाळ शांत असताना त्याचं पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला शिका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळाने दूध पिणं सोडलं असेल तर सकाळची वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

खोकल्यावर मध चाटवायची आपल्याकडे सवय आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

३. ती बुरशीच आहे का, ते पाहा

भिंतीवरचं प्रत्येक पांढरं बुरशी नसतं. जुन्या भिंतींना लोणा लागतो, म्हणजे ओलीबरोबर आतले क्षार वर येऊन पांढरी भुकटी जमते. त्यावर थोडं पाणी शिंपडा. लोणा पाण्यात विरघळतो, बुरशी विरघळत नाही, ती चपटी होऊन तशीच राहते. लोण्याने बाळाचा श्वास अडत नाही, पण भिंतीत पाणी चढतंय हे तो सांगतो आणि आज ना उद्या तिथे बुरशी येते. बुरशीला कुबट वास असतो, ती ठिपक्याठिपक्यांनी किंवा मखमलीसारखी पसरते, आणि काळी, हिरवी, करडी, गुलाबीसर अशी कोणत्याही रंगाची असू शकते.

रंगावरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. २०२१ च्या पुराच्या जेमतेम दोन महिने आधी सगळीकडे ‘काळी बुरशी’ हा शब्द ऐकू येत होता. त्यामुळे भिंतीवरचे काळे डाग पाहून आमच्या शेजारच्या वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. कोविडमध्ये तो मुख्यतः मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. त्यात शरीरातला भाग मरून काळा पडतो, म्हणून ते नाव. भिंतीवरचे काळे डाग ही वेगळी गोष्ट आहे. कोणत्या जातीची बुरशी आहे हे प्रयोगशाळेत तपासायलाही जाऊ नका. जात कोणतीही निघाली तरी काम एकच राहतं: पाणी थांबवणं, बुरशी काढणं, भिंत वाळवणं.

४. पाणी कुठून येतंय ते शोधा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. आम्ही २०१९ साली हीच गाळली होती.

ओलीचा नकाशा बघा. डाग वरून खाली उतरत असेल तर गच्ची, पन्हळ किंवा वरच्या मजल्याचा नळ. जमिनीपासून दोन-तीन फूट चढून थांबला असेल तर पाया पाणी ओढतोय. मधेच एका ठिकाणी गोल डाग असेल तर भिंतीतला पाइप. कोपऱ्यात, कपाटामागे, बाहेरच्या भिंतीवर बारीक ठिपके असतील तर बहुधा खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर जमते आहे.

शंका राहिली तर जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि २४ तास सोडा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतून.

आमच्या घरी दोन कारणं एकात एक गुंतलेली निघाली. पुराचं पाणी भिंतीत होतंच. शिवाय त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं आणि नळाच्या सांध्यातून बारीक पाझर चालू होता. नुसत्या पुराला दोष देत बसलो असतो तर तो सांधा कधीच सापडला नसता. एक रात्र घरातले सगळे नळ बंद ठेवून झोपताना आणि उठल्यावर मीटरचा आकडा लिहून घ्या. आकडा सरकला तर कुठेतरी गळती आहे.

हवेतली वाफ आपणच करत असतो. पावसाळ्यात बाळाची दुपटी, लंगोट, झबली खोलीतल्या दोरीवर वाळतात आणि त्यातलं सगळं पाणी खोलीतच राहतं. कपडे वाळवायला एक वेगळी जागा ठरवा, तिथली खिडकी उघडी आणि दार बंद. स्वयंपाकघरात भाताला वाफ आली की एक्झॉस्ट पंखा लावा. अंघोळीनंतर न्हाणीघराचं दार घराकडे उघडं ठेवू नका.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफचा लेप किंवा प्लास्टिक रंग. पाणी आतच कोंडतं आणि वर सरकत दुसरीकडे बाहेर पडतं. आमची दोन फुटांवरची ओल रंगानंतर साडेतीन फुटांवर गेली होती.

इंग्लंडमधल्या रॉचडेलची एक घटना मी नंतर वाचली आणि त्या रात्री झोप आली नाही. भाड्याच्या घरातल्या बुरशीबद्दल आई-वडिलांनी तक्रार केली होती, तेव्हा त्यावर रंग मारा असं सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचं दोन वर्षांचं बाळ गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत घरातल्या बुरशीशी आलेला दीर्घ संपर्क हेच कारण नोंदवलं गेलं, आणि २०२३ साली तिथे भाड्याची घरं देणाऱ्या सामाजिक गृहसंस्थांना बांधून घेणारा कायदा झाला.

५. हे काम आपलं आहे का, ते ठरवा आणि सामान जमवा

साधा ठोकताळा असा: बुरशीचा भाग दहा चौरस फुटांपेक्षा कमी, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट असेल तर घरचं निरोगी मोठं माणूस ते करू शकतं. त्याहून जास्त असेल, गटाराचं पाणी शिरलं असेल किंवा गिलावा फोडावा लागत असेल तर माणसं लावा. भिंतीवर बोटाने टकटक करून बघा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय, तो वरून घासून उपयोग नाही. गवंड्याला ‘ओल आहे’ एवढंच न सांगता ‘बुरशी आहे, मास्क लागेल’ असं स्पष्ट सांगा. तोही घरी आपल्या लेकराला उचलून घेणार असतो.

लागणारं सामान:

- नाक-गालाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क (पदर, ओढणी किंवा कापडी मास्क चालत नाही)
- कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे
- कडांनी बंद असलेला गॉगल
- दोन बादल्या, फवारणीची बाटली, नायलॉनचा ब्रश
- कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड
- फेकून देता येतील अशी सुती फडकी
- जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या, प्लॅस्टिकचा कागद, रुंद चिकटपट्टी
- टॉर्च
- हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र

शेवटची वस्तू अनेकांना अनावश्यक वाटते. माझ्या मते मास्कनंतर तीच सर्वांत कामाची. ती पाचशे रुपयांच्या आत मिळते.

पुराचं घर असेल तर काहीही फोडण्याआधी पंचनामा होऊ द्या. तोवर पाण्याच्या रेघेचे, खराब सामानाचे, भिंतींचे तारीख दिसेल असे फोटो काढा. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार, लाइटबिल यांच्या झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. पुढच्या पुरात तेच पाकीट उचलून निघता येतं.

६. साफसफाईचा दिवस

कोरडा दिवस निवडा. खोलीचा मेन स्विच बंद करा, ओल्या भिंतीतल्या बोर्डाजवळ पाणी मारणं धोक्याचं असतं. बाकी घराकडे जाणारं दार लावून खालच्या फटीत ओलं फडकं दाबा. बाहेरची खिडकी उघडा. छताचा पंखा लावू नका, तो सगळे बीजाणू घरभर करतो.

बुरशी कोरडी असताना कधीच खरवडू किंवा झाडू नका. आधी साबणाचं पाणी हलकेच फवारून ती भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग खालून वर असं ब्रशने घासा. फडक्याने पुसा, ते फडकं पुन्हा बादलीत न बुडवता पिशवीत टाका आणि नवं घ्या. मग दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने पुसा. शेवटी कोरड्या फडक्याने. डाग थोडा राहिला तरी चालेल, बुरशीचा थर राहता कामा नये. फरशी ओल्या कापडाने दोनदा पुसा. झाडू आणि साधा व्हॅक्युम क्लीनर त्या दिवशी बाजूला ठेवा.

ब्लीच हवंच का, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. फरशी, टाइल, काच यांसारख्या गुळगुळीत जागांवर, विशेषतः पुराचा गाळ लागला असेल तर, साबणाने धुतल्यानंतर ब्लीच वापरायला हरकत नाही: एक लिटर पाण्यात घरगुती ब्लीचचं ६० मिलीपेक्षा जास्त नको. गिलाव्यावर आणि लाकडावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, पाणी तेवढं आत मुरतं. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, त्यामुळे ती मारण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं.

ब्लीच किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधीही टॉयलेटच्या ॲसिडमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. ‘दोन्ही टाकलं की चांगलं निघतं’ असं म्हणून न्हाणीघरात हा प्रयोग करणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि उरलेलं ब्लीच सरबताच्या किंवा कोल्डड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, मूल ते पितं.

काम झाल्यावर अंगावरचे कपडे तिथेच उतरवून वेगळे धुवा, अंघोळ करा, मगच बाळाला घ्या.

७. काय फेकायचं, काय ठेवायचं

धातू, काच, कडक प्लॅस्टिक धुऊन ठेवा. सुती कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. प्लायवूड फुगलं असेल तर जाऊ द्या.

कापसाच्या गाद्यांवरून आमच्या घरी खरी चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, “पिंजारी बोलावू, पिंजून घेतली की नवी होते.” त्या गादीवर माझा नवरा लहानाचा मोठा झाला होता. मी म्हटलं, “आई, पिंजताना त्यातली सगळी बुरशी अंगणभर उडेल आणि उरलेली परत बाळाच्या नाकाखाली येईल.” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गादीचा खोळ उसवून ठेवला, धुऊन त्याची दोन दुपटी शिवली, आणि कापूस पिशवीत भरला. भिजून बुरसलेला कापूस, फोम, उशा, भरलेली मऊ खेळणी यांना वाचवायचा प्रयत्न करू नका.

अंघोळीच्या वेळची दाबल्यावर आवाज करणारी रबरी बदकं कापून बघा. आत काळा थर असतो, पूर आलेला नसला तरी. बाटलीचं बूच, सिपरची झडप, फ्रिजच्या दाराचं रबर, कुलरची जाळी, एसीचा फिल्टर हेही तपासा.

खाण्याचंही बघा. शेंगदाणे, मका, भरडलेलं धान्य यांना बुरा दिसला किंवा कडवट चव लागली तर सगळं टाका. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजल्या-शिजवल्याने पूर्ण जात नाही. नाचणी सत्त्वाचा डबा पावसाळ्यात लहान ठेवा, संपला की नवा भरा.

८. भिंत वाळू द्या, मग रंगाचं बघा

बांधकामात एक ठोकताळा आहे: भिजलेली वीटभिंत एक इंच जाडीला साधारण एक महिना घेते. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-पाच महिने झाले. ऑगस्टमध्ये पाणी ओसरलं आणि ऑक्टोबरात आम्ही रंग मारला, म्हणजे अर्धी भिंत ओलीच होती. त्यात त्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस अवकाळी पाऊसही कोसळला होता.

२०२१ ला पाणी कमरेपर्यंत होतं. आम्ही रेघेच्या वर फूटभरापर्यंत गिलावा काढून टाकला, कारण ओल पाण्याच्या रेघेच्या वर चढते. विटा उघड्या ठेवल्या. दिवाळी तशीच केली. दारात रांगोळी, आकाशकंदील आणि आत उघड्या विटा. पाहुण्यांना कारण सांगितलं, सगळ्यांना पटलं. मार्चमध्ये गिलावा झाला, मे महिन्यात चुन्याची सफेदी. चुना अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला तो मानवत नाही, आणि भिंतीतली उरलेली ओल त्यातून बाहेर पडत राहते. कळीचा चुना घरी भिजवणार असाल तर मुलं घरात नसताना, डोळ्यांवर गॉगल लावून, हातमोजे घालून. पाणी पडताच तो उकळतो, डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

वाळवताना आर्द्रतेचं यंत्र बघत राहा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी, ३० ते ५० मध्ये असेल तर उत्तम. बाहेर पाऊस कोसळत असताना खिडक्या उघडून भिंत वाळत नाही, बाहेरची दमट हवाच आत येते. अशा दिवशी खिडकी बंद करून एसी ‘ड्राय’वर किंवा डिह्युमिडिफायर चालवा. ऊन पडलं की दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्या. ऑक्टोबरची उष्णता या कामाला फार उपयोगी, ते दिवस वाया घालवू नका. साफसफाई झालेल्या भिंतीवर पंखा सोडायला आता हरकत नाही.

९. घरगुती उपाय: कुठे थांबायचं

हे लिहिताना मला घरातल्या मोठ्यांचा मान राखायचा आहे. त्यांचे बरेच उपाय खरे आहेत: चुना, ऊन, गाद्या-गोधड्या पालथ्या करणं, भांडी भिंतीपासून सुटी ठेवणं. पण तीन गोष्टी बाळाच्या खोलीत नकोत.

धुरी. ओवा, कडुनिंब, ऊद यांच्या धुराने कुबट वास झाकला जातो, भिंतीतली बुरशी मरत नाही, आणि आधीच सुजलेल्या श्वासनलिकेत धूर जातो. बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून कोळशाची शेगडी ठेवणं तर जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डांबर गोळ्या. कपाटाचा वास जावा म्हणून झबल्यांच्या घडीत आपण त्या ठेवतो. त्यात नॅफ्थलीन असतं. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते. नॅफ्थलीनमुळे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. झबली नुसती कोरडी ठेवा.

कापूर. पुरचुंडी बाळाच्या उशाशी बांधू नका. थोडा कापूर गिळला तरी मुलाला झटके येऊ शकतात.

आमच्याकडे धुरी बंद करायला माझ्या बोलण्याचा उपयोग झाला नाही, डॉक्टरांच्या बोलण्याचा झाला. पुढच्या खेपेला दवाखान्यात आजीलाही बरोबर न्या.

१०. भाड्याचं घर असेल तर

मालकांशी तोंडी बोला, पण त्याच दिवशी फोटो आणि तारीख घालून मेसेजही करा. ‘रंग मारून देतो’ असं उत्तर आलं तर नम्रपणे सांगा की आधी गळती काढून द्या, रंग उशिरा झाला तरी चालेल. घर बघायला जाल तेव्हा ताज्या रंगाचा वास आणि सरकवायला नकार असलेलं कपाट, या दोन्ही ठिकाणी थांबून चौकशी करा. तान्ह्या बाळाला घेऊन तळमजल्यावरचं नवं रंगवलेलं घर पावसाळ्याच्या तोंडावर मी तरी घेणार नाही.

११. दर वर्षी मे महिन्यात

पन्हळी आणि गच्चीचं ड्रेनेज साफ. न्हाणीघराच्या फरशांमधल्या फटी भरून घ्यायच्या. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे. बाळाची खाट बाहेरच्या भिंतीला न लावता मधल्या भिंतीला. कुठे पाणी सांडलं, छत गळलं तर ते २४ ते ४८ तासांत कोरडं झालंच पाहिजे, कारण बुरशीला रुजायला तेवढाच वेळ पुरतो.

आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेरून आल्या आल्या, पंखा लावायच्या आधी, खोलीत गुडघ्यांवर बसून वास घ्या. उभं राहून वास येत नाही, कुबटपणा आधी बाळाच्या नाकाच्या उंचीवर, कपाटाच्या तळाशी जाणवतो. आला की त्याच दिवशी कपाट ओढा.